बारा हजार गाड्यांची अट

माझ्या काकांना गणित येत नाही असं म्हणायची सोय नाही. टायरवर नुसती टिचकी मारून ते हवा किती कमी आहे हे सांगतात आणि ते सहसा चुकत नाही. पण त्यांनी आमच्या खात्याच्या गणितात नाक खुपसलं आणि महिनाभर माझ्या डोक्याला ताप करून ठेवला. माझा राग अजून पुरता गेलेला नाही, तेव्हा सांगताना मधेच आवाज चढला तर समजून घ्या.

मी रस्ते खात्याच्या नियोजन शाखेत आहे. नियोजन शाखा म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली, सहा टेबलं, उघडलं की नकाशांच्या गुंडाळ्या अंगावर सोडणारं एक कपाट आणि आमचे साहेब. साहेबांच्या शर्टाच्या खिशात सहा इंची फूटपट्टी असते. नकाशा नसेल तर ते टेबलाची कड मोजतात. माघारी सगळे त्यांना फूटपट्टीसाहेब म्हणतात आणि त्यांना ते ठाऊक आहे.

गेल्या वर्षी आमच्याकडे मोठ्या रस्त्याचं काम आलं. दोन शहरांना जोडणारा हा रस्ता नेमका माझ्याच गावाच्या पोटातून जातो. पर्याय दोन होते. एक, आहे तोच रस्ता रुंद करून दोनाचे चार पदर करायचे. दुसरा, गावाला वळसा घालून शेतांच्या मागून नवा बायपास काढायचा. नियम सरळ होता. दिवसाला बारा हजारांच्या आत गाड्या असतील तर रुंदीकरण, बारा हजारांच्या वर गेल्या तर बायपास.

आता काकांचं पंक्चरचं दुकान याच रस्त्याला चिकटून. आईबाबा मी सहा वर्षांची असताना गेले. त्यानंतर मला वाढवलं ते काका-काकूंनी, आणि माझ्या शिक्षणाचा सगळा भार उचलला तो या दुकानानं. रुंदीकरण झालं तर दुकानापुढचा पत्रा तीन फूट मागे घ्यावा लागला असता, बस. बायपास झाला तर लांबच्या गाड्या गावात फिरकल्याच नसत्या आणि दुकानाला कुलूप. मला मनातून काय हवं होतं ते वेगळं सांगायला नको. पण निर्णय होईपर्यंत ही बारा हजारांची अट बाहेर बोलायची नाही, असं मी लिहून दिलं होतं. इथेच घोडं पेंड खात होतं.

मोजणीसाठी आम्ही रस्त्यावर आडव्या दोन रबरी नळ्या टाकतो. त्यावरून चाकं गेली की कडेच्या पेटीत नोंद होते: गाडी किती वाजता गेली, कुठल्या दिशेला, किती आसांची, म्हणजे चाकांच्या किती जोड्यांची. नळ्या टाकायला आमची माणसं आली तेव्हा काकांनी त्यांना चहा पाजला आणि विचारलं, "गाड्या जास्त भरल्या तर काय होतं हो?"

"मग मोठं काम होतं," त्यातला एक म्हणाला आणि बशीतला चहा संपवून निघून गेला.

मोठं काम म्हणजे मोठा रस्ता, मोठा रस्ता म्हणजे जास्त गाड्या आणि जास्त गाड्या म्हणजे जास्त पंक्चर. काकांचा हिशेब तयार. त्यांनी समोरच्या न्हाव्याला सांगितलं, न्हाव्यानं ज्याची ज्याची दाढी केली त्याला सांगितलं आणि दुपारपर्यंत अख्खं गाव गाड्या काढून नळ्यांवरून ये-जा करायला लागलं. मला कुणी काही बोललं नाही. मी खात्यात नोकरीला असल्यामुळे माझ्यापासून लपवायचं, एवढी अक्कल मात्र त्यांना होती.

तीन दिवसांनी पेटी ऑफिसात आली. सरासरी निघाली दिवसाला बारा हजार नऊशे. मी बेरीज पुन्हा करून पाहिली, आकडा तोच. साहेबांचा चेहरा मात्र खुलला; बायपासची रेघ त्यांनी आधीच पेन्सिलनं ओढून ठेवली होती आणि ती त्यांना फार आवडत होती.

मी नोंदी ओळीनं वाचायला घेतल्या. सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत, बरोबर दर सहा मिनिटांनी, तीन आसांची एक गाडी. एकदा जाताना, एकदा येताना. दीड ते दोन बंद. पंचक्रोशीत दीड वाजता जेवायला बसणारी आणि दोनच्या ठोक्याला उठणारी तीन आसांची गाडी एकच आहे. बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायची काकांची जुनी क्रेन.

मग बाकीचेही दिसायला लागले. दोन आसांची एक गाडी दर चार मिनिटांनी, म्हणजे न्हाव्याचा मेहुणा. त्याला कुठलंच काम जमत नाही, पण हे जमलं होतं.

"साहेब, ही मोजणी रद्द करावी लागेल," मी म्हटलं. "लोकांनी मुद्दाम फेऱ्या मारल्यात."

"कशावरून?"

मी कागद पुढे केला. साहेबांनी नोंदींमधल्या अंतरावर फूटपट्टी ठेवून पाहिली. "ही तीन आसांची कुणाची?"

"माझ्या काकांची."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. साहेबांनी फूटपट्टी खिशात घातली. मग म्हणाले, "नळ्यांवर आता कुणाचा विश्वास बसणार नाही. येत्या मंगळवारी तुम्ही स्वतः रस्त्यावर बसा आणि हातानं मोजा. त्यावर ठरवू."

सोमवारी संध्याकाळी मी शहरातून गावच्या घरी पोचले ती फणफणतच. काका हात पुसत आले. "काय गं, आलीस? आपली मोजणी कशी झाली?"

"आपली?" मी बॅग खाली टाकली. "काका, कुणी सांगितला होता हा शहाणपणा? तुमच्या फेऱ्यांनी तुमचंच दुकान बुडत होतं! गाड्या जास्त भरल्या की रस्ता गावात नाही राहत, गावाबाहेर जातो!"

बोलले आणि जीभ चावली. पण चावून काय उपयोग? लिहून दिलेला कागद, खात्याची शिस्त, सगळं त्या एका वाक्यात गेलं. काका माझ्याकडे बघत राहिले, मग न्हाव्याच्या दुकानाकडे बघायला लागले. ती नजर मी ओळखायला हवी होती. मी ओळखली नाही, जेवून झोपले.

मंगळवारी सकाळी सातला मी दुकानाच्या पत्र्याखाली खुर्ची टाकून बसले. हातात खटका दाबून मोजायचं यंत्र आणि मांडीवर तक्ता. तक्त्यात दुचाकी, मोटारी, ट्रक, बस असे रकाने असतात. शेवटचा रकाना पायी चालणाऱ्यांचा. तो आमच्याकडे कधीच कुणी भरत नाही, आडवी रेघ मारून देतात.

आठ वाजेपर्यंत माझ्या यंत्रात एकोणीस गाड्या. नवापर्यंत एकतीस. एकही ट्रक नाही. गावातली झाडून सगळी माणसं पायी चालत होती. बँकेतला रोखपाल चालत, शाळेच्या बाई चालत. न्हाव्याचा मेहुणा माझ्यासमोरून चारदा चालत गेला आणि चारही वेळा त्यानं मला नमस्कार केला.

"आज सगळ्यांना चालायची हौस आलीय?" मी काकांना विचारलं.

"तब्येतीला बरं असतं," काका म्हणाले आणि रिकाम्या दुकानात जाऊन एकच पाना तीनदा पुसून ठेवला.

अकराच्या सुमाराला काकू बाहेर आली. तिचा उजवा गुडघा अकरा वर्षांपूर्वी गेला. आमच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे, न्हाव्याचं घर आहे. न्हाव्याची बायको आणि काकू बालपणीच्या मैत्रिणी. पण गुडघा गेल्यापासून काकूनं तो रस्ता ओलांडला नव्हता आणि त्या बाईला चक्कर येते म्हणून तीही इकडे येत नसे. दोघी रोज दुपारी फोनवर बोलतात. खिडकीत उभ्या राहून, एकमेकींना बघत, फोनवर! अकरा वर्षं मी हेच बघत आले, म्हणून त्यात काही विचित्र आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं.

काकू रस्त्याच्या कडेला उभी राहिली. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, मग परत डावीकडे. रस्ता मोकळा. तिनं एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर पोचल्यावर मागे वळून मला हात केला. मग पलीकडे गेली. दार उघडल्याचा आवाज आला आणि त्या दोघी अशा ओरडल्या की दोन घरांची कुत्री भुंकायला लागली.

मी पायी चालणाऱ्यांच्या रकान्यात एक लिहिला. मग वाटलं, सकाळपासूनचे बाकीचे काय हवेत विरले? आठवून आठवून सगळे लिहून काढले.

दुपारी पोरं रस्त्यावर चेंडू खेळायला लागली. म्हाताऱ्यांनी खुर्च्या बाहेर काढल्या. अलीकडचे आणि पलीकडचे एकमेकांशी आवाज न चढवता बोलत होते आणि त्यांना स्वतःलाच त्याची गंमत वाटत होती. फक्त काकांच्या दुकानात चिटपाखरू नव्हतं. मला कीव आली आणि त्याच वेळी संशयही आला. गावातले लोक चालतील, पण दोन शहरांमधले ट्रक कुठे गेले?

उत्तर चार वाजता आलं. धुळीनं माखलेला एक ट्रकवाला पायी चालत आला आणि माझ्या गळ्यातलं खात्याचं ओळखपत्र बघून भडकला. "बाई, पुढे काम चालू म्हणून पाटी लावता, आम्हाला खाणीच्या रस्त्यानं पाठवता आणि इथे पोरं चेंडू खेळतायत? माझा टायर फुटला त्या दगडांत!"

मी ताडकन उठले. आदल्या वर्षी खड्डे बुजवणाऱ्या ठेकेदारानं आमच्या खात्याच्या पाट्या काकांच्या अंगणात ठेवल्या होत्या. अंगणात जाऊन पाहते तो जागा रिकामी. नुसते चौकोनी पिवळे डाग गवतावर.

"काका!"

काका दुकानामागून आले. चेहरा असा, की चोरीचा मुद्देमाल खिशातच आहे. "अगं, दोन्ही बाजूंना एकेकच लावलीय. आणि टायर तर फुटलाच ना एक? धंदा झाला!"

"तुम्हाला कळतंय का हा गुन्हा आहे? माझी नोकरी जाईल! आत्ताच्या आत्ता काढा त्या पाट्या!"

"सातपर्यंत थांब ना. मग मोजणी संपेल."

"आत्ता!"

इतकी वर्षं मी काकांना उलट बोलले नव्हते. ते गप्पपणे क्रेन घेऊन गेले. अर्ध्या तासात दोन्ही पाट्या अंगणात आल्या आणि पाठोपाठ दिवसभर खाणीकडे वळलेली सगळी वाहतूक गावात घुसली. ट्रकांमागे ट्रक, बसमागे बस. पोरांनी चेंडू उचलला, म्हाताऱ्यांनी खुर्च्या आत ओढल्या. मी तक्ता फाडला, कारण त्या मोजणीला आता काही अर्थच उरला नव्हता. तो फाडून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की काकू पलीकडे आहे.

ती रस्त्याच्या कडेला येऊन उभी होती, शेजारी तिची मैत्रीण. एक फट दिसली की काकू पाऊल उचलायची, तेवढ्यात कुणीतरी भोंगा वाजवायचं आणि ती मागे सरायची. एकदा, दोनदा, सातदा. नंतर तिनं पाऊल उचलणंच सोडलं. मी निघाले, पण काका माझ्या आधी उतरले होते. तळहात पुढे करून ते सरळ रस्त्यात शिरले. शिव्या खात, भोंगे ऐकत पलीकडे पोचले आणि काकूचा हात धरून परत निघाले. अर्ध्यात आल्यावर दोन्ही बाजूंनी इतक्या गाड्या आल्या की दोघांना मधल्या पट्ट्यावर थांबावं लागलं. काकूनं काकांच्या शर्टात तोंड लपवलं होतं. दोन माणसं उभी राहतील एवढीच ती जागा. तिथे ती दोघं किती वेळ उभी होती, ते मी मोजलं नाही. हे सगळं माझ्या एका शब्दानं झालं होतं.

घरात आल्यावर काकू पाण्याचा पेला हातात घेऊन बसली. "काही झालं नाही," ती म्हणाली. "उलट दिवस फार छान गेला." त्या रात्री काका जेवले थोडंच.

साहेबांना मी सगळं सांगितलं. अट बोलून गेले तेसुद्धा. त्यांनी फूटपट्टी टेबलावर आपटली, मला लेखी समज दिली आणि म्हणाले, "आता नळ्या न सांगता टाकायच्या. तुमच्या गावात तर अजिबात नाही, दोन किलोमीटर अलीकडे." तिसरी मोजणी निघाली अकरा हजार आठशे सत्तर. एकशे तीस गाड्यांनी काकांचं दुकान वाचलं. मी फोन करून सांगितलं तेव्हा वाटलं, काका आनंदानं ओरडतील. ते म्हणाले, "बरं." आणि थोड्या वेळानं, "तो हरकतीचा अर्ज असतो ना, त्याचा कोरा कागद आण एक."

मला वाटलं, पत्रा तीन फूट मागे घ्यायचा म्हणून म्हातारा कुरकुरतोय.

गावाची सुनावणी शाळेच्या सभागृहात होती. साहेबांनी नकाशा भिंतीवर चिकटवला आणि फूटपट्टीनं दाखवत रुंदीकरण समजावून सांगितलं. चार पदर, मधे दुभाजक, दीड वर्षात काम पूर्ण. लोक चुळबुळत होते. शाळेच्या बाई म्हणाल्या, "आम्हाला तो मंगळवार हवाय." मागून कुणीतरी टाळी वाजवली. रोखपाल म्हणाला, "हो, बायपासच करा." साहेबांनी सांगितलं की मोजणी बारा हजारांच्या आत आहे, नियमानं रुंदीकरणच होतं. गावातून लेखी हरकत आली तरच वर पाठवता येईल. आणि बायपास म्हटला तर जमिनी, मंजुऱ्या, दोन पूल धरून सहा वर्षं लागतील.

"कुणाची लेखी हरकत आहे?" त्यांनी विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बोलायला सगळे पुढे, लिहायला कोण? आणि सगळ्यांची नजर शेवटी काकांवर जाऊन थांबत होती, कारण बायपास म्हणजे कुणाचं पोट जाणार हे गावाला ठाऊक होतं. त्यांच्या तोंडावर कुणी सही करायला धजेना.

काका उभे राहिले. हातात अर्ज होता, कडेला ग्रीसचे डाग पडलेला. न्हाव्याच्या बायकोशेजारी बसलेल्या काकूनं त्यांच्याकडे चमकून पाहिलं. तिला काहीच सांगितलेलं नसावं.

"माझ्या दोन हरकती आहेत," काका म्हणाले. "पहिली, रस्ता रुंद करायला. आमच्या हिला आत्ता दोन पदर ओलांडता येत नाहीत, ती चार कुठून ओलांडेल? बायपास करा."

मी कार्यवृत्त लिहीत होते, माझं पेन थांबलं.

"आणि दुकान?" साहेबांनी हळूच विचारलं. त्यांनाही माहीत होतं.

"दुकानाचं मी बघीन. दुसरी हरकत ऐका आधी." काकांनी अर्ज डोळ्यांजवळ नेला, पण वाचला नाही. "बायपासला सहा वर्षं लागतील म्हणता. तेवढे दिवस तिचा दुसरा गुडघा थांबायचा नाही. लवकर करा."

काकूनं पदराचं टोक तोंडाला लावलं. साहेब काकांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "लिहून घ्या, मॅडम. दोन्ही हरकती."

मी लिहून घेतल्या. अर्जदाराचा व्यवसाय या रकान्यात काकांनी 'पंक्चर काढणे' असं लिहिलं होतं, तेही तसंच उतरवलं.